गोळ्या सुरू झाल्या, आता बोलायचं काय? क्षयरुग्णांचं समुपदेशन आणि वस्तीतलं आरोग्यशिक्षण, टप्प्याटप्प्यानं

'तुम्हाला टीबी आहे' हे ऐकल्यानंतरची पाच-दहा मिनिटं माणूस फारसं काही ऐकत नाही. मान हलवतो, 'हो हो' म्हणतो, कागदाची घडी घालून खिशात ठेवतो. सुरुवातीच्या काळात मी नेमकं त्याच पाच-दहा मिनिटांत सगळं सांगून टाकत असे: रोग कसा पसरतो, गोळ्या किती, त्रास कोणते होतील, मास्क कधी लावायचा, घरच्यांची तपासणी कधी. आठवड्याभरात तोच माणूस घाबरून परत यायचा, "लघवीतून रक्त जातंय!" लघवीचा रंग बदलेल हे मी सांगितलेलं होतं. त्याच्यापर्यंत ते पोचलेलंच नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. क्षयरोगाचं समुपदेशन हे तारखांचं काम आहे. सहा महिन्यांत रुग्णाचे प्रश्न बदलत जातात, भीती बदलत जाते, औषध सोडण्याची कारणंही बदलतात. कोणत्या टप्प्यावर काय बोलायचं आणि काय पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायचं, हे ज्याला जमलं त्याचे रुग्ण टिकतात. हा लेख आरोग्यसेवक, परिचारिका, स्वयंसेवक आणि स्वतः बरे होऊन आता दुसऱ्यांना हात देऊ पाहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. औषधं ठरवणं आणि बदलणं हे डॉक्टरांचं काम. ती औषधं शेवटच्या गोळीपर्यंत पोटात जातील हे बघणं आपलं.

आधी आपला पाया पक्का

लोकांसमोर बसण्याआधी तीन-चार गोष्टी स्वतःच्या डोक्यात स्वच्छ हव्यात, कारण पहिल्या उलट प्रश्नाला आपण अडखळलो की विश्वास गेला.

पहिली गोष्ट म्हणजे लागण वेगळी आणि आजार वेगळा. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरलेले आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांचं शरीर जंतूंना दाबून ठेवतं. ही ताकद कमी पडते ती कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू यांच्यामुळे. "मलाच का झाला?" या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. त्यात पापाचा, शापाचा किंवा घराण्याचा संबंध येत नाही, हे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पसरण्याची. फुप्फुसाचा किंवा घशाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, गातो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ती हवा दुसऱ्याच्या छातीत गेली तरच लागण होते. ताट, पेला, कपडे, अंथरूण, हस्तांदोलन यांतून हा रोग पसरत नाही. मानेच्या गाठींचा, मणक्याचा, पोटाचा किंवा मेंदूच्या आवरणाचा टीबी एकटाच असेल, म्हणजे फुप्फुसात किंवा घशात नसेल, तर तो सहसा दुसऱ्याला होत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्यानं उतरते. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दोन आठवड्यांतच. मात्र औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर हा हिशेब डॉक्टरांनीच सांगायचा. रुग्णाला घरातून हलवावं का, असं कुणी विचारलं की मी मद्रासची गोष्ट सांगते. तिथल्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रानं १९५० च्या दशकात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयात, आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत ठेवून उपचार दिले. १९५९ साली निष्कर्ष आले. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोका झाल्याचं दिसलं नव्हतं. घरी राहून उपचार घ्यायची पद्धत जगभर रुजायला या अभ्यासानं मोठं बळ दिलं. घरात ठेवा म्हणणं ही केवळ दयामाया नाही, त्यामागे पुरावा आहे.

आणि चौथी: हा रोग पूर्ण बरा होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या जंतूचा शोध जाहीर केला, तेव्हा हातात एकही औषध नव्हतं. आज आहे. तरीही २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोक आजारी पडले आणि साडेबारा लाख दगावले. औषध असलेल्या रोगानं इतकी माणसं जावीत, यात औषध वेळेवर न पोचण्याचा आणि मध्येच सुटण्याचा वाटा फार मोठा आहे. आपलं काम तिथेच आहे.

शब्द बदला, मग बाकीचं

'संशयित', 'डिफॉल्टर' हे शब्द वर्षानुवर्षं कागदोपत्री चालत आले. ते ऐकणाऱ्याला पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटतं. ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे तो 'लक्षणं असलेली व्यक्ती'. ज्याचं औषध मध्येच बंद पडलं तो 'औषध सुटलेला रुग्ण'. सुटलं का, हा पुढचा प्रश्न मग आपोआप तोंडी येतो. 'डिफॉल्टर' म्हटलं की दोष आधीच ठरलेला असतो, विचारायला काही उरत नाही. वाक्यांचंही तसंच. "गोळ्या चुकवता का हो?" असं विचारलं तर उत्तर कायम "नाही" येतं. "रोज गोळ्या घेणं जड जातं. गेल्या आठवड्यात एखादा दिवस राहिला का?" असं विचारलं की माणूस खरं बोलतो.

थुंकीचा नमुना: पाच मिनिटं द्या

कितीतरी वेळा तपासणी फसते ती डबीत थुंकीऐवजी लाळ आल्यामुळे. डबी हातात देऊन "उद्या थुंकी आणा" म्हणणं पुरेसं नाही. करून दाखवा. सकाळी उठल्यावर आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहायचं. खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा, सोडायचा. असं दोन-तीनदा करून छातीतून जोरात खोकायचं. जे घट्ट, चिकट वर येतं तो बेडका डबीत टाकायचा. झाकण घट्ट लावायचं आणि हात धुवायचे. पाण्यासारखं पातळ, फेसाळ आलं असेल तर ती लाळ आहे, पुन्हा प्रयत्न करायचा. बाई असेल तर आडोसा कुठे आहे ते आधी दाखवा. चारचौघांत खाकरायची लाज वाटते म्हणून रिकाम्या डब्या परत येतात.

रेण्वीय तपासणीत, म्हणजे जीनएक्सपर्टसारख्या यंत्रावर, जंतू आहेत का आणि ते रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतील का, हे दोन्ही यंत्र सुमारे दोन तासांत सांगतं. म्हणून नमुना चांगला असणं पूर्वीपेक्षाही महत्त्वाचं झालं आहे. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यांना वेगळ्या तपासण्यांसाठी डॉक्टरांकडेच न्यावं लागतं.

पहिली भेट: तीनच गोष्टी

जागा आडोशाची हवी. दार बंद करता येत नसेल तर खिडकी उघडी असलेला कोपरा शोधा. हवा खेळती राहील आणि आवाजही बाहेर जाणार नाही. सोबत आलेल्या नातेवाइकाला आत घ्यायचं की नाही हे रुग्णाला विचारा, आणि ते नातेवाइकासमोर विचारू नका.

सुरुवात सांगण्यानं नाही, विचारण्यानं करा. "टीबीबद्दल आधी काय ऐकलंय?" या एका प्रश्नातून सगळं बाहेर येतं. कुणाच्या काकांचा मृत्यू, कुणाच्या बहिणीचं मोडलेलं लग्न, कुणाची नोकरी जायची धास्ती. ते संपेपर्यंत बोलू द्या. रडू आलं तर रडू द्या. मग तीनच गोष्टी सांगा: हा बरा होतो, गोळ्या रोज आणि ठरलेल्या दिवसापर्यंत घ्यायच्या, अमुक त्रास झाला तर वाट न बघता इथे यायचं किंवा फोन करायचा. चौथी गोष्ट जिभेवर आली तरी गिळा. तीन दिवसांनी परत भेटायचंच आहे.

शेवटी परीक्षा घ्यायची, पण स्वतःची. "समजलं ना?" या प्रश्नाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर आईला काय सांगाल, ते मला एकदा सांगा बरं." गोळ्यांचं पाकीट त्यांच्याच हातात द्या आणि उद्याचा डोस कुठला ते बोट ठेवून दाखवायला सांगा. एका आजोबांनी माझ्यासमोर पाकिटावरच्या चार गोळ्यांच्या ओळीतली एकच गोळी दाखवली. रोज एक, असं ते समजून बसले होते. नुसती मान हलवून घेऊन मी त्यांना घरी पाठवलं असतं, तर महिनाभर त्यांना पाव डोस मिळाला असता.

गोळ्या जास्त का आणि इतके दिवस का, हे समजावणं सोपं आहे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं प्रभावी औषध आलं. ते एकटं दिलं तेव्हा रुग्ण आधी सुधारायचे आणि मग जंतू त्या औषधाला सरावल्यानं पुन्हा खालावायचे. म्हणून एकाच वेळी अनेक औषधं. नेहमीच्या टीबीत पहिले दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने त्यातली दोन किंवा तीन. रिफॅम्पिसिन येण्याआधी हाच कोर्स दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त चालायचा, हे सांगितलं की सहा महिने जरा लहान वाटू लागतात. काही देशांत निवडक रुग्णांना चार महिन्यांचा कोर्सही दिला जातो. आपल्या रुग्णाच्या कार्डावर जे लिहिलंय तेच आपण बोलायचं.

पहिले पंधरा दिवस: त्रासाचं बोलणं

औषध सुटण्याचा पहिला मोठा धोका इथे असतो. आजारानं आधीच गळालेला माणूस, त्यात मळमळ. त्याला वाटतं रोगापेक्षा औषधच वाईट. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेट किंवा निदान फोन हवाच.

लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी-लालसर होतं. ते रिफॅम्पिसिनमुळे, निरुपद्रवी. उलट गोळी पोटात गेली याची ती खूण आहे. मळमळ होत असेल तर थोडं हलकं खाऊन गोळ्या घेता येतात का, किंवा वेळ बदलून रात्री झोपण्याआधी घेता येतात का, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं. सांधे दुखतात ते बहुधा पायराझिनामाइडनं. बहुतेकदा साध्या वेदनाशामकावर भागतं. हातापायांना मुंग्या, तळव्यांची आग हे आयसोनियाझिडमुळे होतं आणि ब-६ जीवनसत्त्वानं आवरतं. गरोदर, मधुमेही, दारू पिणाऱ्या आणि फार अशक्त रुग्णांना ते सुरुवातीपासूनच दिलं जातं.

आता ज्या त्रासांत एक दिवसही थांबायचं नाही ते. डोळे पिवळे होणं, लघवी गडद तपकिरी होणं, सतत उलट्या, जेवणाची वासनाच जाणं आणि बरगडीखाली उजवीकडे दुखणं ही यकृताची तक्रार. इथे नारिंगी आणि तपकिरी यांतला फरक रुग्णाला दाखवून द्या, कारण "लघवीचा रंग बदलतोच" हे ऐकलेला माणूस कावीळ अंगावर काढतो. मी साधी खूण सांगते. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात आरशात बघा. तो पांढरा असेल तर लघवीच्या नारिंगी रंगाला घाबरू नका, पण पिवळा असेल तर तडक या. अंधुक दिसणं, लाल आणि हिरवा रंग फिका वाटणं हे इथॅम्ब्युटॉलचं लक्षण. अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, तोंडात फोड हेही तातडीचंच. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. कुठलं औषध थांबवायचं, कधी परत सुरू करायचं ते त्यांनीच ठरवायचं.

बायकांशी एक गोष्ट एकांतात बोलायचीच असते आणि ती हमखास राहून जाते. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून उपचार चालू असताना दुसरं साधन लागतं. अंगावर पाजणारी आई असेल तर तिला आधी दिलासा द्या: दुधातून टीबी जात नाही, पाजणं चालू ठेवायचं, पाजताना मास्क लावायचा आणि बाळाची तपासणी करून घ्यायची. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि एचआयव्हीची काही औषधं यांच्याशीही रिफॅम्पिसिनचं जमत नाही, म्हणून घरात चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवायला लावा.

घराच्या उंबऱ्याच्या आत

घरभेटीला जाण्याआधी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं ते रुग्णाला ठरवू द्या. छातीवर बिल्ला, हातात टीबीचं पोस्टर घेऊन गल्लीतून चालत गेलात तर सहा महिन्यांचं काम एका दुपारी उधळलंत.

मोरीपाशी एक ताट-वाटी आणि पेला वेगळा ठेवलेला दिसला की समजायचं, आपल्याला इथेच बसायचं आहे. एकदा एका सासूबाईंनी मला स्वच्छ सांगितलं, "घरात लहान पोर आहे, मी ताट वेगळंच ठेवणार." त्यांची भीती खोटी नव्हती, जागा चुकली होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. विचारलं, "आजी, ही खिडकी उघडत का नाही?" खिडकीसमोर पेटी होती. दोघींनी मिळून ती सरकवली. उजेड आला, वारा आला. मग सांगितलं, की बाळाला धोका होता तो या कोंडलेल्या हवेचा, ताटाचा नाही. पुढच्या भेटीत ताट मांडणीत बाकीच्या भांड्यांत होतं. भीतीला हाताला काहीतरी काम दिलं की ती माणसाला वाळीत टाकायचं सोडते.

घरातली कामं थोडकीच आहेत. दारं-खिडक्या समोरासमोरच्या उघड्या ठेवायच्या. सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्णानं इतरांजवळ बसताना मास्क लावायचा, शक्य असेल तर वेगळं किंवा खिडकीजवळ झोपायचं, खोकताना तोंडावर कापड धरायचं, झाकणाच्या डब्यात थुंकायचं.

त्यानंतर घरच्यांची तपासणी. "तुमच्यामुळे यांना झाला का ते बघू" असं कधीही म्हणू नका. म्हणा, "तुमच्या निमित्तानं सगळ्यांची तपासणी होऊन जाईल." पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेली माणसं आधी. आजार नाही याची खात्री झाली की त्यांना प्रतिबंधक उपचार देता येतो. काहींना रोज, काहींना आठवड्यातून एकदा, एक ते सहा महिने. धडधाकट माणसाला गोळ्या घ्यायला लावणं अवघड असतं, त्यासाठी वेगळी बैठक ठेवा. जन्मतः दिलेली बीसीजी लस मुलांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण ती घेतली म्हणून मोठेपणी टीबी होत नाही असं नाही. हा गैरसमज तपासणीच्या आड फार येतो.

खाण्याबद्दल महागडी यादी देऊ नका. घरात जे शिजतं त्यात डाळी, कडधान्यं, अंडी, दूध यांपैकी काय वाढवता येईल ते बोला आणि दर महिन्याला वजन करा. झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्यांना पोषण-शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका कमी दिसला. सरकारी मदत किंवा शिधा मिळत असेल तर त्याचा अर्ज भरून देणं हेही समुपदेशनच आहे.

दुसरा महिना: बरं वाटण्याचा धोका

माझ्या मते सहा महिन्यांतली सगळ्यात महत्त्वाची भेट ही. खोकला गेलेला असतो, ताप गेलेला असतो, चेहऱ्यावर तेज आलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. ही भेट साधारण अशी होते:

"ताई, तीन किलो वजन वाढलं. काही होत नाही आता. गोळ्या बंद केल्या तर?"

"काका, वाढलंय खरंच, छान झालं. कशामुळे वाढलं असं वाटतं?"

"गोळ्यांमुळेच की."

"बरं. शेतातली हरळी वरवर खुरपून टाकली तर रान कसं दिसतं?"

"साफ दिसतं... पण मुळी राहिली की पाऊस पडल्यावर परत."

"आणि तुमच्या छातीत आत्ता काय उरलं असेल?"

काका गप्प बसले. मग म्हणाले, "मुळी."

यापुढे मला व्याख्यान द्यावं लागलं नाही. शास्त्रही तेच सांगतं. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात आणि लक्षणं जातात. सुस्त पडून राहिलेले थोडे जंतू मारायला उरलेले महिने लागतात. उत्तर रुग्णाच्याच तोंडून यावं यासाठी प्रश्न विचारत राहायचं. "बंद केलंत तर मराल" हे वाक्य त्या क्षणी परिणाम करतं, पण पुढच्या वेळी माणूस खोटं बोलतो किंवा येतच नाही.

दोन महिने संपताना बेडक्याची पुन्हा तपासणी होते. ती का, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'आता खोकलाच नाही तर थुंकी कशी देऊ' म्हणून ती राहते.

चुकलं, सुटलं, खचलं

एखादा डोस राहिला आणि त्याच दिवशी आठवण झाली तर लगेच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही, नेहमीचाच डोस घ्यायचा आणि आपल्याला कळवायचं. बरेच दिवस सुटले असतील तर स्वतःहून पुन्हा सुरू न करता आधी डॉक्टरांकडे. परत आलेल्या रुग्णाचं पहिलं वाक्य ऐकण्याआधी आपलं पहिलं वाक्य "आलात ते बरं झालं" हेच असलं पाहिजे. तो किती दिवस हे दार ओलांडायचं धाडस गोळा करत होता, ते आपल्याला माहीत नसतं.

गोळ्या आणि रोजची एखादी पक्की सवय यांची गाठ मारून द्या: दात घासणं, मुलाला शाळेत सोडणं, ठरलेली बस. आठवण करून देणारा माणूस रुग्णानंच निवडावा. कधी ती बायको असते, कधी कामावरचा मित्र, कधी दहा वर्षांची लेक. कामासाठी दुसऱ्या गावी जाणार असेल तर तिथल्या केंद्राशी आधी बोलून, जाण्याआधीच पुढची औषधं हातात द्यायची.

दारूवर बोलताना आवाज खाली ठेवा. "आधी दारू सोडा, मग औषध" ही अट घातली की दारू राहते आणि औषध जातं. यकृतावर दोन्हीचा भार पडतो हे खरं, म्हणून किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगायला लावायचं, रक्ततपासणी होऊ द्यायची, आणि दारू कमी करण्याची मदत उपचारासोबतच सुरू करायची. तंबाखूचंही तसंच.

मनाची विचारपूस दर महिन्याला करा. दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटलं का? आधी आवडायचं त्यात मन लागेनासं झालं का? उत्तर हो आलं तर आणखी वेळ द्या, आणि जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच ओझं उतरतं. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर बोलण्याचा सूर तोच, भेटी मात्र दुप्पट. अनेक रुग्णांना आता सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा कोर्स मिळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये त्याची शिफारस केली. पूर्वीची इंजेक्शनं आणि त्यामुळे जाणारं ऐकू येणं ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांना हा बदल केवढा आहे ते कळेल. या कोर्समधल्या लिनेझोलिड या औषधानं पायांना बधिरपणा, रक्त कमी होणं, नजर मंदावणं होऊ शकतं. ते दर भेटीत विचारायचंच.

कोर्स संपला तरी गाठ सुटत नाही. आजार उलटला तर बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत उलटतो, म्हणून खोकला, ताप, वजन घटणं यांवर नजर ठेवायला सांगा. काहींची फुप्फुसं कायमची दुखावलेली असतात, चढ चढताना दम लागतो. तो टीबी परत आला असा अर्थ नाही, पण तपासून घ्यायला हवं.

वस्तीत बोलायला उभं राहताना

सभेची जागा आणि वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. एका सभेत एकच गोष्ट. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन, थुंकीतून रक्त: एवढं लोकांच्या लक्षात राहिलं तरी सभा सार्थकी लागली. भयंकर फोटो, हाडांचे सापळे दाखवू नका. त्यानं रोगाची नाही, रुग्णाची भीती बसते, आणि ज्याला लक्षणं आहेत तो आणखी लपतो.

बरा झालेला माणूस समोर उभा राहून दोन मिनिटं बोलला, तर आपल्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम होतं. पण त्याला विचारताना "नाही" म्हणायची पूर्ण मोकळीक द्या, घरच्यांचं मत घ्यायला वेळ द्या, आणि त्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत राहू द्या. आत्ता उपचार चालू असलेल्या कुणाकडेही सभेत बोट दाखवायचं नाही, नजरेनंसुद्धा नाही.

सभेत "कुणाला खोकला आहे का?" असं विचारलं तर एकही हात वर येत नाही. म्हणून सभा संपल्यावर लगेच निघू नका. सतरंजी हळूहळू गोळा करा, डब्यांची पिशवी जवळ असू द्या, दाराशी पंधरा-वीस मिनिटं थांबा. सगळे पांगले की कुणीतरी बाई परत येते, चप्पल शोधल्यासारखं करते आणि म्हणते, "माझ्या भावाला महिना झाला खोकला आहे, त्याला आणू का?" तिला आत बसवा, पाणी द्या, आणि डबी कशी भरायची ते सावकाश दाखवा.